तीन हिरवे गोल

“हे सूप यांना कोण देत होतं?”

डॉक्टरीणबाईंनी पाकीट वर धरून विचारलं आणि वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरच्या माना आमच्याकडे वळल्या. शेजारचा पाय मोडलेला गृहस्थ तर कोपरावर उठूनच बसला. दवाखान्यात करमणूक तशी कमीच.

“मीच देते,” माझी बायको म्हणाली. अभिमानानं म्हणाली, हे मुद्दाम सांगतो. “सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मीठ कमी करा म्हणून इथेच सांगितलं होतं ना यांना? हे बघा, तिन्ही गोल हिरवे आहेत. साखर हिरवी, चरबी हिरवी, मीठपण हिरवं.”

बाईंनी पाकीट उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं, जमेना म्हणून खिडकीकडे वळून वाचलं.

“पोटॅशियम क्लोराईड,” त्या म्हणाल्या. “मीठ काढून त्याच्या जागी हे घातलंय. चवीला खारटच लागतं. किडनी चांगली असेल तर काही बिघडत नाही, ब्लडप्रेशरवाल्यांना तर उलट बरं. पण यांच्या किडन्या अर्ध्याच कामावर आहेत. पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आज आणलंत म्हणून वाचले. मागे लिहिलेलं वाचलं नाहीत का?”

“पुढे हिरवं होतं,” बायको म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

“वाचायला पाहिजे होतं हो. तुम्ही तर दुकानातच कामाला आहात ना?”

एवढं बोलून बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. बाई वाईट नव्हत्या. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात पडला होता, डोळे तारवटले होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छातीला वायरी चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे माझा राग यंत्राला आधी कळला. ते जोरात पिकपिक करायला लागलं आणि नर्स धावत आली.

“आजोबा, चिडायचं नाही हां,” ती म्हणाली. आजोबा ऐकून यंत्र आणखीच पेटलं.

मला चिडायचंच होतं. मीठ कमी करा, हे याच दवाखान्यात सांगितलं तेव्हा पोटॅशियमचा प सुद्धा कुणी काढला नव्हता. मीठ कमी करा, चालायला जा, पुढचा पेशंट. मीठ कमी केलं. माझ्या बायकोनं इतकं मन लावून केलं की मी जिन्यात गुडघ्यातून लुळा होऊन बसलो आणि छातीत पाखरू फडफडावं तसं व्हायला लागलं. आणि आता भर वॉर्डात चोर सोडून संन्याशाला फाशी!

माझी बायको एका मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावते. वर्षानुवर्षं तेच काम. सकाळी दुकान उघडण्याआधी प्रत्येक पाकिटाचं तोंड गिऱ्हाइकाकडे करायचं, मागची पाकिटं ओढून कडेला आणायची, रांग ओळंब्यात धरल्यासारखी सरळ ठेवायची. दुपारपर्यंत लोक त्याची वाट लावतात, की पुन्हा पहिल्यापासून. या कामात पाकिटाची पाठ बघायची वेळच येत नाही. पाठ दिसली म्हणजे कुणीतरी उचलून उलटं ठेवलंय. ते लगेच फिरवायचं. शाळेच्या शिपायाला पोरं माहीत असतात तशी तिला पाकिटं माहीत. तोंडावरून सगळी ओळखते. घरी कुठलं पोर काय करतं, ते मात्र शिपायाला विचारू नये.

मग गोलांचा नियम आला. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, चरबी आणि मीठ असे तीन गोल. टाय लावलेला एक माणूस दुकानात येऊन सगळ्यांना शिकवून गेला. हिरवा म्हणजे खुशाल, पिवळा म्हणजे बेतानं, लाल म्हणजे विचार करा. पाच मिनिटांचं शिक्षण. तिन्ही गोल हिरवे असतील त्या मालाची एक वेगळी फळी केली, दारातून आत आलं की समोरच. ती माझ्या बायकोच्या ताब्यात दिली. हिरवा एप्रन दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला काहीतरी ताब्यात दिलं होतं. गिऱ्हाइकं विचारायची, “ताई, साखरेचा त्रास आहे, काय घेऊ?” ही सांगायची. हळूहळू लोक तिला हिरव्या ताई म्हणायला लागले. घरी आली की पाय सुजलेले असायचे, पण कुणाला काय सांगितलं ते ऐकवल्याशिवाय चहा घेत नसे.

मी थट्टा करायचो. मला तो सगळा प्रकार तेव्हाही खटकायचाच. शेंगदाण्यांच्या पाकिटावर चरबीचा लाल गोल, आणि शेजारी रंग घातलेल्या पाण्याच्या बाटलीला तिन्ही हिरवे! बाटलीत काहीच नाही, म्हणून लाल करायलाही काही नाही. एका बिस्किटाच्या पुड्यावर साखर हिरवी बघून मला नवल वाटलं, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, एका वेळचं खाणं म्हणजे दीड बिस्किट.

“दीड बिस्किट खाणारा माणूस तू कधी बघितलास का गं?” मी म्हणायचो. “उरलेलं अर्धं तो काय कानात ठेवतो?”

“तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही,” ती म्हणायची.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं. ती आठ माणसं कुठेतरी कागदावर जोखलेली, मध्यम बांध्याची. आठ पैलवान घुसले की पाटीचा उपयोग नाही, आणि लोखंडी पेटी घेऊन एकच माणूस आला तरी नाही. पाटी खोटी नसते. पाटीला फक्त तुम्ही कोण ते माहीत नसतं. पण लिफ्टमध्ये निदान जास्त वजन झालं की घंटी वाजते.

मुलगी दवाखान्यात आली, तिनंही आल्या आल्या आईलाच धरलं. “आई, दोन ओळी वाचायला काय होतं गं तुला? बाबा गेले असते म्हणजे?”

“बाबा इथेच आहेत,” मी म्हणालो. “आणि त्यांना ऐकू येतंय.”

“तुम्ही मध्ये बोलू नका, तुमचे ठोके वाढतात.”

आजारी पडलं की हे असं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायको स्टुलावर बसून त्या रिकाम्या पाकिटाची घडी घालत होती, उघडत होती. एकदम म्हणाली, “मांजरवाल्या आजी.”

“काय?” मी विचारलं.

“मांजरवाल्या आजींना पण मीच दिलंय हे. अहो, त्यांच्या पण किडन्याच.”

तिचा चेहरा तेव्हा जो झाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या वेळीसुद्धा तो इतका उतरला नव्हता, आणि याचा मला रागही आला नाही.

या आजी तिच्या बोलण्यात नेहमी असायच्या. एका चाकाची कुरकुर करणारी ढकलगाडी घेऊन दर आठवड्याला यायच्या, आधी आपल्या एका डोळ्याच्या मांजराचं खाणं घ्यायच्या आणि मग स्वतःचं. “माझ्यापेक्षा मांजर चांगलं जेवतं गं,” म्हणायच्या. “मला सगळं अळणी.” तेव्हा हिनं माझं उदाहरण देऊन ते सूप त्यांच्या हातात ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात आजी येऊन हिचा हात धरून म्हणाल्या होत्या, “किती दिवसांनी तोंडाला चव आली!” ते ऐकवताना हिचा चेहरा असा फुलला होता की मीसुद्धा थट्टा केली नव्हती.

“दुकानात नाव-पत्ता असेल ना?” मुलगी म्हणाली.

नव्हता. दुकानात कुणाचं नाव नसतं. कोण काय नेतं तेवढं माहीत असतं.

मी वॉर्डात होतो तोवर ती रोज दुकानात जाऊन दाराकडे डोळे लावून बसली. आजींचा यायचा वार आला आणि गेला. दरम्यान तिनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, किडनीचा आजार असेल तर हे सूप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि फळीला चिकटवलं. दुपारी जेवून येईपर्यंत पुठ्ठा गायब. पुन्हा लावला, पुन्हा गायब.

घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन दुकानात गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. आत शिरलो तर समोर हिरव्या फळीपुढे ही उभी, आणि सुपाची पाकिटं एकेक करून फिरवत होती. तोंड भिंतीकडे, पाठ गिऱ्हाइकाकडे. घाई नाही, आदळआपट नाही. प्रत्येक पाकीट फिरवून कडेला आणत होती, रांग बोटानं सरळ करत होती. फळीवर नुसती बारीक अक्षरं दिसत होती, मुंग्या पसरल्यासारखी.

दुकानाचे साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या मुलीपेक्षाही लहान.

“ताई, हे काय चाललंय?”

“माल लावतेय.”

“उलटा?”

“वाचायचं या बाजूला आहे.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. एक बाई पाकीट हातात घेऊन डोळे बारीक करून बघत होती. “ताई, ऐका. तुमच्या घरी झालं ते वाईटच झालं. पण फळीवरची ही जागा सुपाच्या कंपनीनं पैसे भरून घेतलेली आहे. असं नाही करता येत आपल्याला.”

तिथे माझा बांध फुटला. “तुमच्या कंपनीनं माझा जीव घेतला असता!” मी ओरडलो. माझा आवाज दवाखान्यातून आल्यापासून चिरका झाला होता, त्यामुळे हवा तसा दणका बसला नाही, पण लोक थांबले. “माणसाला मारणाऱ्या मालाला हिरवा रंग लावता? लाज वाटत नाही?”

“काका, खोटं काय लिहिलंय ते सांगा ना,” साहेब म्हणाले. ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. “मीठ कमी आहे की नाही? आहे. मग गोल हिरवा. मागे पोटॅशियम लिहिलंय की नाही? लिहिलंय. गोल तीनच आहेत, काका. किडनीचा गोलच नाही. तो मी कुठून आणू?”

आणि तो पोरगा खरं बोलत होता. इथेच तर सगळं घोडं पेंड खातं. खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? जे सांगायला सोपं, जे सगळ्यांना लागू, ते पुढे मोठं रंगवून. आणि जे एखाद्याच्या जिवावर बेतेल ते मागे, घडीच्या चिकटवलेल्या कडेला, मुंगीच्या पायाएवढं. कायद्यानं सगळं बरोबर. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो, पण फसणाऱ्यालाच हसतो. मला काठी त्या फळीवर हाणावीशी वाटली. हाणली नाही, कारण मग पाकिटं हिलाच उचलावी लागली असती.

“साहेब,” बायको म्हणाली, “इतकी वर्षं मी एक पाकीट उलटं ठेवलं नाही. लोक माझ्याकडे बघून घेतात हो. गोलांकडे बघून नाही घेत.”

“उद्यापासून तुम्ही मागे गोदामात या,” साहेब म्हणाले. “तिथे आराम पण मिळेल.”

तिनं एप्रन काढला, घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिला. एवढंच विचारलं, “मांजरवाल्या आजी आल्या होत्या का मधे? ढकलगाडीवाल्या?”

साहेबांना आठवेना. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली की बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोदामात न जाता ती आजींना शोधायला निघाली. मीही निघालो. “तुम्ही घरी पडा,” ती म्हणाली. मी म्हणालो, पडलो होतो, पुष्कळ पडलो. आजी कधीतरी पाण्याच्या टाकीजवळून चढ लागतो म्हणून कुरकुरल्या होत्या, तेवढाच धागा. टाकीखालच्या गल्लीत दाराशी बसलेल्या माणसांना ती विचारत होती, कुरकुरणारी ढकलगाडी, किडनीचा त्रास, आणि एका डोळ्याचं मांजर. एका डोळ्याचं मांजर म्हटल्याबरोबर चाव्या करणाऱ्या माणसानं पटकन हात केला. निळं दार, पहिला मजला.

दार उघडलं ते आजींच्या मुलानं. पन्नाशीचा, जाड चष्मा कपाळावर सरकवलेला, गळ्यात शिंप्याची टेप. आत शिवणयंत्राचा दिवा जळत होता. बायकोनं आजींची चौकशी केली, कुठल्या दुकानातून आलो ते सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे तुम्ही हिरव्या ताई! या, या, आत या. आई तुमचं फार सांगायची. आणि हे काका ना? तुमची तब्येत कशी आहे आता? आई म्हणायची, त्यांच्या ह्यांना पण माझ्यासारखंच आहे.”

मी बरा आहे म्हणालो. खुर्चीवरचे कपडे उचलून त्यानं आम्हाला बसवलं.

“आई गेली,” तो म्हणाला. “गेल्या महिन्यात. दुपारी या खुर्चीत बसली होती, मी कापड बेतत होतो. थकल्यासारखं वाटतं, पाय उचलत नाहीत, म्हणाली. म्हटलं पड जरा. वळून बघितलं तर गेली होती. हृदय बंद पडलं, असं लिहिलं डॉक्टरांनी. वय झालंच होतं.”

मी मनात हिशेब केला. मी जिन्यात बसलो त्याच्याही आधीची गोष्ट. म्हणजे हिनं पुठ्ठा लावला, वाट बघितली, पाकिटं फिरवली, तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. वरातीमागून घोडं. सुपानंच गेल्या की आणखी कशानं, ते आता कुणालाच कळायचं नाही. असल्या आजारात माणूस कशानंही जातं. पण पाय उचलत नाहीत, हे ऐकलं आणि मला आमचा जिना आठवला.

“शेवटी शेवटी फार सांभाळून खायची हो,” मुलगा सांगत होता. “एक दिवस चुकवलं नाही. थांबा.” तो आत गेला आणि सुपाची दोन पाकिटं घेऊन आला. न उघडलेली. “ही राहिलीत. मला टोमॅटो सोसत नाही. काकांना चालतील, घेऊन जा. फुकट जायला नकोत.”

तिनं दोन्ही हातांनी पाकिटं घेतली. मी तिच्याकडे झुकून हळूच म्हणालो, “चल. काही बोलू नकोस. आता काय उपयोग?” मनापासून म्हणालो. गेलेलं माणूस गेलं, या माणसाला कशाला आयुष्यभराचा काटा? आणि खरं सांगायचं तर मला तिला आणखी एकदा कुणापुढे मान खाली घालताना बघायचं नव्हतं.

तिनं माझं ऐकलं नाही. उभी राहिली आणि त्याला सांगितलं. सूप मी दिलं होतं. यात मिठाऐवजी काय घालतात, ते मला माहीत नव्हतं. हे दवाखान्यात गेले तेव्हा कळलं. किडनीच्या माणसाला ते चालत नाही. आजींचं त्यानंच झालं की नाही ते मला सांगता येत नाही, पण तुम्हाला कळायला पाहिजे. असं एकामागून एक, कुठेही आवाज न चढवता.

तो शिव्या देईल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं; मी तयारीत होतो. तो टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळत राहिला.

“मीच करून द्यायचो,” तो म्हणाला. “मोठा मग भरून. संध्याकाळी कधी नको म्हणायची. मी म्हणायचो, पी गं, हिरवं आहे.”

मला ओरडायचं होतं. पण त्या खोलीत ओरडावं असं कुणीच नव्हतं. ज्यांच्यावर ओरडायचं ते कुठल्या गावात, कुठल्या मजल्यावर बसतात, ते पाकिटावरसुद्धा मला वाचता आलं नसतं.

त्यानं तिच्या हातातलं एक पाकीट घेतलं. चष्मा डोळ्यांवर ओढला, लांब धरून बघितलं, जवळ आणून बघितलं, शिवणयंत्राच्या दिव्याखाली नेऊन बघितलं. सुईत दोरा ओवणारा माणूस, त्यालाही ते लागेना. त्यानं पाकीट तिच्यापुढे धरलं.

“वाचून दाखवा,” तो म्हणाला.

ती वाचायला लागली. टोमॅटोची पूड, मक्याचं पीठ, साखर, पोटॅशियम क्लोराईड, कांद्याची पूड. पुढे लांबलचक नावं आली, ती तिला एका दमात म्हणता येईनात, तिथे ती थांबली, अक्षर न् अक्षर सुटं करून म्हणाली, पण एकही सोडलं नाही. साठवण्याची सूचना वाचली. तयार करण्याची कृती वाचली. अगदी तळाशी, घडीच्या कडेला पुसट छापलेलं होतं तेही वाचलं. मग पाकीट खाली केलं.

“परत वाचा,” तो म्हणाला.

तिनं पाकीट दिव्याकडे धरलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.